स्क्रॅपचा रकाना नसलेली आकृती



आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत बरंच भारदस्त छापलंय: ‘सेंद्रिय द्रवांतील अतिजलद प्रारणजन्य उत्तेजन आणि ऊर्जेचे संक्रमण’. ते वाचूनही इतके जण आलात, म्हणजे कुरुळीत धीराची माणसं आहेत. नाव तूर्त बाजूला ठेवू. गोष्ट अशी आहे. एक द्रव असतो. त्यातून एखादा वेगवान कण जातो आणि द्रव क्षणभर चमकतो. चमक अगदी क्षीण असते, पण उपकरणाला ती मोजता येते. कण शिरल्यापासून चमक बाहेर पडेपर्यंत द्रवात काय घडतं, हा वैज्ञानिकांचा प्रश्न. ते आपल्याला कसं सांगितलं जातं, हा माझा. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, प्रयोगशाळेत मला कोणी साधी परीक्षानळीही हातात देणार नाही. पण एखादं विधान कशाच्या जोरावर उभं आहे हे तपासायचं काम आमच्या विषयाकडे फार जुनं आहे. त्या नात्याने मी आज एका आकृतीची समीक्षा करणार आहे.

आधी दोन शब्दांची साफसफाई. ‘सेंद्रिय’ म्हटलं की हल्ली गूळ आणि पालेभाजी डोळ्यांपुढे येते. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचं: बेंझीन, टोल्युईन, झायलीन. तुमच्यातले जे पेंट शॉपमध्ये काम करतात त्यांना टोल्युईनची ओळख करून द्यायला नको, थिनरच्या डब्याचं झाकण उघडलं की ते नाकात शिरतं. दुसरा शब्द ‘प्रारण’. वर्तमानपत्रं सरसकट ‘किरणोत्सर्ग’ लिहितात आणि दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतात. पदार्थाने आपणहून कण किंवा किरण सोडणं हा किरणोत्सर्ग. जे बाहेर पडून प्रवास करतं ते प्रारण. घामाला आणि घाम गाळण्याला आपण एकच शब्द वापरत नाही, तसंच हे.

आता आकृती. तुमच्यापैकी ज्यांची मुलं विज्ञान शाखेत आहेत त्यांच्या वहीत ती सापडेल. डावीकडे एक कण येतो. त्याचा बाण ‘द्रावक’ लिहिलेल्या चौकटीला लागतो. द्रावकापासून दुसरा बाण ‘पीपीओ’ नावाच्या पदार्थाकडे जातो, तिथून तिसरा ‘पॉपॉप’कडे, आणि तिथून प्रकाशाची नागमोडी रेघ बाहेर पडून प्रकाशगुणक नळीत शिरते. बाण सगळे सारख्या जाडीचे. खाली मथळा: ऊर्जेचं संक्रमण. समजावताना शिक्षक म्हणतात, विहिरीवर रांग लावून माणसं बादली पुढे देतात ना, तसंच. हातोहात.

या आकृतीचा जन्म वाईट घरातला नाही. १९४७ साली बर्लिनमध्ये हार्टमुट कालमन यांनी नॅप्थलीनमध्ये, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्या ज्याच्या असतात त्या पदार्थात, कणांमुळे होणारी चमक प्रकाशगुणक नळीने मोजली. दोन-चार वर्षांत द्रवांचीही पाळी आली. जॉन बर्क्स यांचा १९६४ सालचा सिंटिलेशन मोजणीवरचा जाडजूड ग्रंथ या विद्येचा आधारग्रंथ मानतात, आणि ग्लेन नोल यांच्या प्रारणमापनाच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातली रेणूच्या ऊर्जापातळ्यांची आकृती बर्क्सकडूनच आलेली आहे. दोघांच्याही ग्रंथांत ऊर्जा कुठे कुठे वाया जाते याची रीतसर चर्चा आहे, तेव्हा दोष त्यांना देऊ नका. दोष पुढच्या नकलांचा. ग्रंथातून नोट्समध्ये, नोट्समधून स्लाइडवर, स्लाइडवरून मोबाइलमध्ये येताना चर्चा गळून पडली आणि बाण तेवढे उरले.

चाकण पट्ट्यात बसलोय म्हणून विचारतो. तुमच्या कारखान्यात एखादी लाइन अशी असेल, की शंभर रुपयांचा माल आत जातो आणि तीन रुपयांचा चांगला तुकडा बाहेर येतो, उरलेलं सगळं स्क्रॅप. तर त्या लाइनचा तक्ता स्क्रॅपचा रकाना न दाखवता भिंतीवर लावण्याची कुणाची हिंमत होईल का? ऑडिटवाला पहिल्या दिवशी तो फाडेल. आपल्या द्रवाचा हिशोब नेमका तसाच आहे. चांगल्या प्रतीच्या सिंटिलेटर द्रवात दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा टाकली, तर प्रकाशाचे साधारण दहा हजार फोटॉन मिळतात. एकेका फोटॉनची ऊर्जा तीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. गुणाकार करा. दहा लाखांतले तीस हजार. शेकडा तीन. उरलेले सत्त्याण्णव बहुतांशी उष्णता होऊन द्रवातच जिरतात. बादल्यांच्या रांगेतून आलेलं पाणी म्हणायचं तर विहिरीतून हंडा भरून निघालाय आणि दारात पेलाभर पोचलंय.

आता हे सत्त्याण्णव जातात कुठे, ते जरा सावकाश बघू. कारण खरी गंमत सांडण्यातच आहे.

आकृतीतला पहिला बाण सगळ्यात खोटा. कण द्रावकाला ‘ऊर्जा देतो’ म्हणजे काय? एका फेम्टोसेकंदाच्या आतबाहेर, म्हणजे सेकंदाच्या एक हजार अब्जांश भागाचाही हजारावा भाग, एवढ्या वेळात तो रेणूंजवळून निसटतो. काही रेणूंमधले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतात. हे थेट उत्तेजन. पण पुष्कळ रेणूंमधून इलेक्ट्रॉन पूर्णच उखडला जातो. मागे धनभारित आयन उरतो आणि इलेक्ट्रॉन द्रवात धक्के खात जाऊन काही अंतरावर दमतो. आता प्रश्न असा, की हा दमलेला इलेक्ट्रॉन स्वतंत्र होतो की घरी ओढला जातो?

याचं उत्तर लार्स ऑन्सागर यांनी १९३८ सालीच गणिताने दिलं होतं. आयनाची ओढ आणि उष्णतेमुळे होणारी धडपड या दोन्ही जिथे बरोबरीत येतात ते अंतर काढायचं. पाण्यात हे अंतर एक नॅनोमीटरपेक्षाही कमी, सुमारे ०.७, कारण पाण्याचे रेणू विद्युतभाराची ओढ झाकून टाकतात. टोल्युईन किंवा हेक्झेनसारख्या द्रवात तसं झाकण नसतं. तिथे हेच अंतर पंचवीस-तीस नॅनोमीटर भरतं, चाळीस पट. उखडलेले बहुतेक इलेक्ट्रॉन एवढे लांब जाऊच शकत नाहीत. म्हणून अशा द्रवांत शंभरातले पंचाण्णवहून अधिक इलेक्ट्रॉन परत येतात, बरेचसे काही पिकोसेकंदांतच, आणि परत येऊन आयनाला भेटतात तेव्हा त्या भेटीतून उत्तेजित रेणू तयार होतो. म्हणजे आकृतीत जिथे एकच सरळ बाण आहे तिथे प्रत्यक्षात घर सोडून पळालेला मुलगा आणि त्याचं परतणं अशी आख्खी कादंबरी आहे. चमक बऱ्याच अंशी या परतण्याची आहे.

इथे आणखी एक सांडपट्टी आहे. इलेक्ट्रॉनला फिरकी असते. तो आपल्याच आयनाकडे लगेच परतला तर फिरकीचं जुनं नातं टिकलेलं असतं आणि प्रकाश देऊ शकणारी अवस्था बनायची शक्यता मोठी. पण आल्फा कणासारखा जड कण गेला की त्याच्या वाटेवर इतकी दाटी होते की जत्रेत चुकलेल्या मुलांसारखी जोड्यांची अदलाबदल होते. अनोळखी जोड्या जमल्या तर चारांपैकी तीन वेळा ‘ट्रिपलेट’ नावाची अवस्था बनते, आणि ती सरळपणे प्रकाश देत नाही. शिवाय दाटीत उत्तेजित रेणू एकमेकांनाही विझवतात. परिणाम असा, की तेवढ्याच ऊर्जेचा आल्फा कण इलेक्ट्रॉनच्या जेमतेम एक दशांश प्रकाश देतो. बर्क्स यांनी १९५१ साली या घटीसाठी एक छोटं सूत्र दिलं. त्यात ‘केबी’ नावाचा एकच आकडा असतो, जो प्रत्येक द्रवासाठी मोजून बसवायचा. आत नेमक्या किती प्रक्रिया चालल्यात हे तो आकडा सांगत नाही, आणि सांगतो असा आवही आणत नाही. मला तो फार आवडतो. गाठोड्यावर ‘गाठोडं’ असंच लिहिलेलं आहे.

आता दुसरा बाण, द्रावकाकडून पीपीओकडे. इथे मात्र आकृतीपेक्षा तिचं स्पष्टीकरण जास्त बिघडलेलं असतं. पुष्कळ जण सांगतात, टोल्युईन अतिनील प्रकाश सोडतं, पीपीओ तो पितं आणि निळसर प्रकाश परत सोडतं. ऐकायला सोपं. बरोबर आहे का, हे कसं तपासाल? द्रवात डोकावून तर बघता येत नाही.

असं बघा. हवा काढून टाकलेलं शुद्ध टोल्युईन उत्तेजित झालं तर त्याची चमक सरासरी तीसेक नॅनोसेकंद रेंगाळते. पीपीओची स्वतःची चमक दीड नॅनोसेकंदाच्या आसपास. आता पीपीओ जर नुसतं टोल्युईनच्या प्रकाशाची वाट बघत बसत असेल, तर दोघांच्या मिश्रणाची चमकही तीस नॅनोसेकंद रेंगाळायला हवी. कारण पुरवठादारच तितक्या सावकाश माल सोडतोय. प्रत्यक्षात पुरेसं पीपीओ मिसळलं की चमक काही नॅनोसेकंदांत आटोपते. आणि टोल्युईनची स्वतःची चमक मोजली तर तीही आखूड झालेली सापडते. म्हणजे पीपीओ प्रकाशाची वाट बघत नाही. टोल्युईनने प्रकाश सोडण्याआधीच ऊर्जा काढून घेतली जाते. पीपीओ वाढवा, चमक आणखी आखूड. कमी करा, लांब. हे आमच्या जुन्या भाषेत अन्वय आणि व्यतिरेक: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं.

प्रकाशाविना ऊर्जा कशी जाते? थेओडोर फर्स्टर यांनी १९४६ ते ४८ या काळात याचा सिद्धांत मांडला. दोन रेणूंची कंपनं जुळत असतील आणि ते काही नॅनोमीटरच्या आत असतील, तर मधे फोटॉन नावाचा निरोप्या न पाठवता एकाची उत्तेजित अवस्था मावळते आणि दुसऱ्याची उगवते. सतारीच्या तरफांची आठवण होईल; वरची तार छेडली की खालची आपोआप बोलते. तुलना तेवढ्यापुरतीच, कारण तारेच्या बाबतीत घोडी असते, हवा असते, आणि इथे अंतर दुप्पट झालं की शक्यता चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. तरफांना असा कडक नियम नाही.

आणि इथेच एक अडचण उभी राहते जी बादलीवाल्या गोष्टीत कधीच येत नाही. चीनमधल्या जूनो या न्यूट्रिनो प्रयोगात वीस हजार टन द्रव आहे. त्याचं मुख्य द्रावक लिनियर अल्काइल बेंझीन, ज्याला उद्योगात ‘लॅब’ म्हणतात. हेच लॅब आपल्या रायगड जिल्ह्यात, रिलायन्सच्या पाताळगंगा संकुलात बनतं आणि त्यापासून धुण्याच्या पावडरीचा मुख्य घटक होतो. (विश्वाचं गूढ आणि धुण्याची पावडर एकाच पिंपातून निघतात, हे मला कोणत्याही उपनिषदाइतकंच समाधान देतं.) त्या द्रवात लिटरमागे अडीच ग्रॅम पीपीओ घालतात. हिशोब केला तर लॅबच्या सुमारे तीनशे रेणूंमागे पीपीओचा एक, आणि दोन पीपीओंमधलं सरासरी अंतर पाच नॅनोमीटरच्या जवळपास. मग ऊर्जा तीनशेतल्या त्या एका रेणूपर्यंत पोचते कशी? एकाच लांब उडीत? द्रावकाच्या रेणूंवरून टुणटुण उड्या मारत? की उत्तेजित रेणूच हलत-डुलत पीपीओजवळ जातो? तिन्ही वाटा एकाच वेळी थोड्याथोड्या खुल्या असतात. आणि गंमत अशी, की चमकेचा जो उतरता आलेख मिळतो त्यावर तिन्ही गोष्टी थोडी ओढाताण करून बसवता येतात. प्येर द्युएम हा फ्रेंच पदार्थवैज्ञानिक-तत्त्वज्ञ शंभर वर्षांपूर्वी हेच बजावत होता: एका निरीक्षणाने एकटं गृहीतक पडत नाही किंवा उभं राहत नाही, त्याच्यासोबत गृहीतकांचा आख्खा गोतावळा असतो. द्रव गोठवा, दाट करा, तापमान बदला, तेव्हा कुठे गोतावळा हळूहळू पांगतो. आकृतीतला बाण मात्र तिन्ही वाटांवर एकच शिक्का मारून मोकळा होतो.

बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, हे जुन्या मंडळींनी पाहिलंय. किती भाव ठरला हे शेवटी कळतं. मधे किती वेळा बोटं हलली हे रुमालालाच ठाऊक. अतिजलद रसायनशास्त्राचं सगळं कसब हा रुमाल थोडा थोडा उचलण्यात आहे. अहमद झेवेल यांना १९९९ सालचं नोबेल मिळालं ते फेम्टोसेकंदांच्या लेझर स्पंदांनी रेणूंचे बंध तुटताना टिपल्याबद्दल. वेगवान इलेक्ट्रॉनांचा छोटा स्पंद द्रवात सोडून लगेच मागोमाग प्रकाशाने विचारपूस करायची, या पद्धतीला ‘पल्स रेडिओलिसिस’ म्हणतात. ही आपल्यापासून लांब नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तशी यंत्रणा आहे, आणि इथून तासाभराच्या वाटेवर, पुणे विद्यापीठाच्या आवारात मुक्तमूलकांच्या संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रातही सत्तर लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा रेषीय त्वरक त्यासाठीच बसवलेला आहे. या यंत्रांचे स्पंद नॅनोसेकंदांच्या मापाचे. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉनचं परतणं उरकलेलं असतं. त्यासाठी पिकोसेकंदांचे स्पंद देणारी यंत्रं लागतात, ती जगात मोजकी आहेत. यात कमीपणा काही नाही. ज्याने नॅनोसेकंदाची फूटपट्टी घेतलीय त्याने पिकोसेकंदाच्या घटनांबद्दल ‘पाहिलं’ न म्हणता ‘अनुमान केलं’ म्हणावं, इतकंच. तिथले संशोधक आपल्या निबंधांत तसंच लिहितात. स्लाइडवर येईपर्यंत क्रियापद बदलतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, बाणच ते, जाड काढले काय आणि बारीक काढले काय, आमचं काय बिघडतं?

पालघर जिल्ह्यात तारापूरला तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. जड पाण्यावर न्यूट्रॉनांचा मारा झाला की ट्रिटियम तयार होतं. हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ, अर्धायुष्य १२.३ वर्षं. तो पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो, त्यामुळे गाळून निघत नाही. अशा प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते, आणि तिथे भोवतालच्या पाण्यातलं ट्रिटियम नियमित मोजतात. ते कसं मोजायचं? ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन फार दुबळा. पाण्यात तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापलीकडे जात नाही. बाटलीबाहेर गायगर काउंटर धरून बसलात तर जन्मभर बसाल. म्हणून पाणीच आपल्या चमकणाऱ्या सेंद्रिय द्रवात मिसळतात. त्या मिश्रणाला प्रयोगशाळेत ‘कॉकटेल’ म्हणतात. हसू नका, अधिकृत शब्द आहे. छोट्या कुपीत ते भरायचं, दोन बाजूंना दोन प्रकाशगुणक नळ्या लावायच्या, आणि दोन्हींना एकाच वेळी चमक दिसली तरच ती खरी मानायची.

आता हिशोब बघा. ट्रिटियमच्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा ५.७ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. दहा लाखांना दहा हजार फोटॉन, तर पावणेसहा हजारांना पन्नास-साठ. त्यात पाणी मिसळलेलं, म्हणजे ऊर्जेच्या वाटेत आणखी खड्डे. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन उत्तेजित रेणूंना विझवतो. नमुन्यात क्लोरीनयुक्त काही असलं तर ते विझवतं. रंग असला तर निघालेला प्रकाशही वाटेत खाल्ला जातो. या विझण्याला क्वेंचिंग म्हणतात. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांचाच शब्द. फरक एवढाच की तिथे क्वेंचिंग जाणूनबुजून करतात. उरलेल्या मूठभर फोटॉनांतून प्रत्येक नळीला किमान एकाची तरी दखल घेता आली पाहिजे. परिणामी पाण्याच्या नमुन्यात ट्रिटियमच्या शंभर विघटनांपैकी साधारण २० ते ३० मोजली जातात. चारांतलं एक.

मग अहवालातला आकडा कुठून येतो? माहीत असलेलं, मोजून घेतलेलं ट्रिटियम तशाच कॉकटेलमध्ये घालतात, त्यात मुद्दाम विझवणारा पदार्थ कमीजास्त करतात, आणि किती विझलं की किती मोजलं जातं याचा आलेख बनवतात. मग तुमच्या नमुन्यात किती विझतंय ते पाहून, पंचवीस टक्के मोजलं जात असेल तर आलेल्या संख्येला चाराने गुणतात. पद्धत चोख आहे. जगभर हेच करतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १०,००० बेकरेल आहे. त्याच्याशी कुठल्याही गावच्या पाण्याची तुलना करायची तर ती याच गुणाकारातून जाते.

आता कल्पना करा. शाळा-कॉलेजात ज्याने ती बाणांची आकृती शिकलीय, असा एक सुजाण, चौकस नागरिक आहे. त्याला उद्या कुणीतरी सांगतं, अहो, ते यंत्र चारांतले तीन कण सोडूनच देतं, मग साहेब लोक आकड्याला हवं तसं गुणतात. वाक्यातला प्रत्येक शब्द जवळजवळ खरा आहे, आणि वाक्याचा अर्थ संपूर्ण खोटा. आपल्या नागरिकाकडे यातला फरक ओळखायचं साधनच नाही. त्याच्या डोक्यातली रांग गळती नसलेली आहे. गळतीच नाही तर दुरुस्ती कसली? म्हणजे ही चोरीच. प्रामाणिक हिशोब त्याला लबाडी वाटणार, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नाही. उलट दुसरा एक गृहस्थ त्याच आकृतीच्या बळावर म्हणेल, यंत्र आहे, यंत्र चुकत नाही, आकडा आला की गप्प बसा. तोही तितकाच आंधळा; कारण आलेख जुना असला किंवा नमुना गढूळ असूनही रंगाची दुरुस्ती केली नसली, तर आकडा खरोखर चुकू शकतो, आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. कोणता आलेख वापरला, किती टक्के मोजलं गेलं, पार्श्वभूमी किती वजा केली: हे तीन प्रश्न. ते विचारता यायचे तर स्क्रॅपचा रकाना आधी माहीत हवा.

अतिजलद हा शब्द काढला की व्याख्यान संपल्यावर हमखास कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, सर, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. आज मीच आधी बोलून टाकतो, कारण हा प्रांत माझा आहे.

होय, आपल्याकडे एक सुंदर वाद होता. कच्चं मडकं आव्यात भाजलं की लाल होतं. रंग बदलतो कुठे? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. आगीच्या माऱ्याने मडकं परमाणूंपर्यंत फुटतं, परमाणूंचा रंग बदलतो, आणि त्यांचं नवं मडकं जुळतं. हे इतकं झपाट्याने होतं की डोळ्याला कळत नाही. हा पीलुपाकवाद. नंतरच्या टीकाकारांनी तर या मोडण्या-जुळण्याला नऊ क्षण लागतात, दहा की अकरा, याचाही काथ्याकूट केला. नैयायिक म्हणाले, छे, मडकं आहे तसंच राहतं आणि आख्ख्या मडक्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाकवाद. त्यांचा आक्षेप अगदी कुंभाराच्या अंगणातला होता: मडकं मधे फुटत असेल तर त्याच्यावर रचलेली मडकी पडत का नाहीत? त्यातलं पाणी सांडत का नाही? शंभर कमळपाकळ्यांत सुई घुसवली तर त्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात, प्रत्यक्षात एकामागून एक भोसकल्या जातात, हा दृष्टांतही आपल्याच घरचा.

बुद्धीचं हे वैभव आहे. पण त्याला फेम्टोरसायन म्हणणं हा त्या विद्वानांचाच अपमान, कारण त्यांचा खरा प्रश्न आपण ऐकलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. वैशेषिकांना झपाटा हवा होता तो परमाणूंचा सिद्धांत वाचवायला. दिसत का नाही? झपाट्यामुळे. पाणी सांडत का नाही? झपाट्यामुळे. नऊ क्षणांऐवजी अकरा धरले तर मडक्यात काय फरक पडेल, हे कुणी सांगितलं नाही, सांगता येण्याजोगं नव्हतंही. टोल्युईन-पीपीओच्या बाबतीत मात्र सांगता येतं: वाट बघत असेल तर तीस नॅनोसेकंद, नसेल तर दोन-चार. झपाटा इथे सबब म्हणून येत नाही. मोजायचा आकडा म्हणून येतो आणि चुकू शकतो.

आणि म्हणूनच मला ती बाणांची आकृती अधिक खुपते. तिने एवढ्या कष्टाने मिळवलेल्या विद्येला परत पीलुपाकाच्या पायरीवर आणून बसवलंय. विद्यार्थ्याने विचारलं, सर, इलेक्ट्रॉन बाहेर पडून परत येतो हे कसं कळलं? उत्तर मिळतं: ते फार झटपट होतं रे, दिसत नाही, पाठ कर. नैयायिक असता तर उठून म्हणाला असता, झटपट होतं ना, मग पाणी कुठे सांडतं ते दाखवा. आपल्या द्रवात पाणी सांडतं, जागोजाग सांडतं, आणि सांडलेलं मोजता येतं. इलेक्ट्रॉन पकडणारा पदार्थ मुद्दाम मिसळला की चमक घटते. किती पकडला गेला तेवढी घटते. परतणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा पुरावा त्याच्या वाटमारीतच आहे. आकृतीने नेमका तोच भाग पुसून टाकलाय.

मग काय, आकृती फेकून द्यायची? नको. बाणांची जाडी हिशोबाप्रमाणे काढा. शंभर मिलिमीटरचा पट्टा आत येऊ दे आणि तीन मिलिमीटरचा बाहेर पडू दे, कडेकडेने खाली उतरणारे फाटे दाखवा: उष्णता, ट्रिपलेट, ऑक्सिजन, रंग. कारखान्यांत वाफेचा आणि विजेचा हिशोब दाखवायला असे पट्ट्यांचे नकाशे वापरतात, तुमच्यातल्या युटिलिटीवाल्यांना ते माहीत आहेत. आणि प्रत्येक बाणावर दोनच अक्षरी खूण करा: ‘मो’ म्हणजे मोजलेलं, ‘अ’ म्हणजे अनुमान. पहिल्या पिकोसेकंदातल्या बाणांवर बरेच ‘अ’ येतील. वर्गात पोरं विचारतील, सर, हा ‘अ’ कधी जाणार? विचारू देत. शिक्षकाला तासाची दहा मिनिटं जास्त लागतील.

माझं पाऊण तासाचं वेळापत्रक केव्हाच उलटून गेलंय. मागच्या रांगेतल्या दुसऱ्या शिफ्टवाल्यांना बस गाठायची असेल तर त्यांनी आधी प्रश्न विचारावेत.